हरवलेले दहा तास

१

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला तळवड्याच्या माळावर नानासाहेब गेले, आणि त्यांना मारलं कुणी, तर त्यांनीच बांधलेल्या विमानानं. साल एकोणीसशे एकोणऐंशी.

खरं विमान नव्हे हो. हलक्या लाकडाचं, सहा फूट पंखांचं, रेडिओवर उडणारं. नाना पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. कंपनीतला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परतताना आपला रेडिओचा संच त्यांना देऊन गेला, आणि तेव्हापासून या गृहस्थाला विमानाचं जे खूळ लागलं ते लागलंच. दसऱ्याला गावाची शीव विमानानं ओलांडायची, की झालं सीमोल्लंघन, असा त्यांनी सात वर्षं रिवाजच पाडला होता. अख्खं गाव आपट्याची पानं खिशात घालून माळावर जमायचं.

त्या दिवशी चार फेऱ्या झकास झाल्या. पाचव्या फेरीत विमान वळेचना. नाना हातातल्या रेडिओच्या पेटीवरच्या काड्या दाबताहेत, आणि विमानाच्या शेपटीची फळी झोपेतून उठल्यासारखी सावकाश हलतेय. मग तीही थांबली. विमान तोंड खाली करून बायकांच्या घोळक्याकडे निघालं. तिथं ओवाळणीचं ताट घेऊन नानांची बायको तानाबाई उभी होती. नानांनी हातातली पेटी टाकली आणि हात हलवत, ओरडत ते धावले. बायका बाजूला झाल्या. नानांना होता आलं नाही.

ज्योतीराम तिथून वीस पावलांवर होता. महाळुंग्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा त्याच कारखान्यात इन्स्पेक्टर. म्हणजे बनलेला माल मोजायचा, चांगल्याला हिरवी चिठ्ठी, वाईटाला लाल. एखादा भाग तुटला तर का तुटला हे शोधायचं. नानांचा तो पंधरा वर्षांचा दोस्त, दर रविवारी माळावर त्यांच्या बरोबरीनं. नानांचं डोकं त्यानंच मांडीवर घेतलं होतं. ती पँट त्यानं पुन्हा घातली नाही.

पोलिसांनी अपघात म्हणून पंचनामा केला आणि मोडकं विमान परत दिलं. पण गावाला नुसता अपघात पुरत नाही, गावाला माणूस लागतो. नानांचे धाकटे भाऊ साहेबराव यांनी तिसऱ्याच दिवशी तो शोधून काढला. विमानातला बॅटरीचा पॅक बांधला होता जहीरनं. जहीर रेडिओ दुरुस्त करायचा, आणि काळेवाडीत साहेबरावांच्याच गाळ्यात त्याचं दुकान होतं. त्यानं भंगारातले सेल घातले, म्हणून दादा गेला, असं साहेबराव चारचौघांत बोलले. तेराव्यापर्यंत गाळा रिकामा करायचा, नाहीतर गाव काय करायचं ते करील, असा निरोपही गेला. आता अशी बोलणी एकदा सुरू झाली की गाळ्यावर थांबत नाहीत, हे जहीरला कळत होतं आणि ज्योतीरामलाही.

त्या संध्याकाळी तानाबाईनं ज्योतीरामला आत बोलावलं. पांढऱ्याफटक कपाळाकडे त्याला बघवेना.

"भावजी, तुमचं कामच हाय हे. काय मोडलं, का मोडलं, तुमी बघा. जहीरचं असंल तर जहीरचं. पर माज्या घरातून कुनाच्या पोटावर उगा पाय पडाया नको."

ज्योतीराम हो म्हणाला.

२

जहीर मूळचा जालन्याकडचा. पंचविशीचा, मान खाली घालून काम करणारा. दोन वर्षांपूर्वी नानांनीच त्याला साहेबरावांचा गाळा मिळवून दिला होता. ज्योतीराम गेला तेव्हा त्याची आई खातूनबी ट्रान्झिस्टर एकेक करून पोत्यात भरत होती.

ज्योतीरामनं त्याला पॅक कसा बांधला ते विचारलं. जहीरनं सगळं सरळ सांगितलं. पुन्हा पुन्हा भरता येणारे बारा सेल मुंबईहून आणले, एकाच खोक्यातले, एकाच महिन्यात बनलेले. बाराही भरले, एकेकाला टॉर्चचा बल्ब लावून कोण किती वेळ टिकतो ते घड्याळावर पाहिलं, आणि सारखे उतरलेले चार निवडले. ही नानांचीच शिकवण. चार बैलांच्या नांगराला तीन खोंडं आणि एक म्हातारा बैल जुंपला तर म्हातारा फरपटतो आणि औतही मोडतो, सेलचं तसंच आहे, असं नाना म्हणायचे. त्याहून मोठे सेल मिळत होते, पण विमानाला तेवढं वजन पेललं नसतं.

"मग साहेबरावांना हे सांगितलंस का?"

जहीरनं नाही म्हणून मान हलवली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी साहेबरावांनी पॅक आणि चार्जर त्याच्या टेबलावर आणून आदळले होते. ते तावातावानं बोलत होते, तोवर जहीरनं दोन्ही वस्तू उलटसुलट करून पाहिल्या होत्या. जाताना साहेबराव त्या परत घेऊन गेले. तेव्हापासून तो गप्प झाला तो झालाच.

"ज्योतीभाऊ, मी गाळा सोडतो. आम्ही जातो जालन्याला. तुम्ही आता हे उकरू नका."

खातूनबीनं पोत्याचं तोंड सोडून लेकाकडे पाहिलं. जो माणूस खरा आहे तो असं कशाला म्हणेल? ज्योतीरामच्या मनात पहिल्यांदाच शंकेची पाल चुकचुकली.

३

दुसरा संशय मुरारीचा. मुरारी चिंचवडचा, त्याच्याकडेही रेडिओचं विमान होतं, आणि दुर्दैवानं नानांच्याच लहरीवर चालणारं. दोघांनी एका वेळी पेटी चालू केली की एकाचं विमान गेलंच समजा. म्हणून माळावर एक नियम होता. कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा. तो ज्याच्या खिशाला, त्यानंच पेटी चालू करायची. नाना आणि मुरारी यांचं गेल्या वर्षी त्या चिमट्यावरून चांगलंच वाजलं होतं.

चिमटा त्या दिवशी नानांच्या खिशाला होता, हे ज्योतीरामनं स्वतः पाहिलं होतं. पण चिमटा नसताना चोरून पेटी चालू करायला मुरारीला कुणाची बंदी?

मुरारी रडकुंडीला आला. पेटी घरी होती, म्हणाला, बायकोला विचारा. आता बायको नवऱ्याविरुद्ध कशाला बोलेल, म्हणून ज्योतीरामनं विचारलंच नाही. तो ओट्यावर बसला आणि डोळे मिटून पाचवी फेरी आठवू लागला. दोन पेट्यांची भांडणं त्यानं पूर्वी पाहिली होती. त्यात विमान पिसाळतं, झटके देतं, गोमाशी लागलेल्या रेड्यासारखं उधळतं. हे विमान उधळलं नव्हतं. त्याची फळी हळूहळू मंदावली होती. म्हणजे विमानाला हुकूम पोचत होता, तो पाळायची ताकद उरली नव्हती. हा उपासमारीचा मृत्यू होता.

मुरारी सुटला. बोट पुन्हा बॅटरीकडेच वळलं, म्हणजे जहीरकडे.

४

बाराव्याच्या आधी चार दिवस ज्योतीराम नानांच्या पडवीत गेला. पॅक स्पंजात गुंडाळलेला असल्यामुळे धडधाकट होता. त्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर नानांचं टपोरं अक्षर होतं. किती तारखेला भरला, बल्ब लावून किती वेळ टिकला. नाना महिन्याला एकदा पॅक बल्बवर पूर्ण उतरवायचे आणि मग सोळा तास लावून भरायचे. अर्धवट वापरून सारखं भरत राहिलं की सेलला तेवढीच सवय लागते, माणसासारखीच, असं म्हणायचे. गणपतीनंतरची नोंद होती, एक तास चाळीस मिनिटं. शेवटची ओळ होती, "बल्बवर उतरवला. नवमी, दुपारी चारला लावला." एरवी ते अष्टमीलाच लावत. यंदा ओव्हरटाइममुळं राहिलं होतं.

ज्योतीरामनं पॅक बल्बवर पूर्ण उतरवला, चार्जर त्याच पडवीतल्या बोर्डाला लावला, लाल दिवा लागला. दुपारी चार ते सकाळी आठ, मोजून सोळा तास. सकाळी आठला त्यानं पॅक उचलला आणि तो जागच्या जागी थिजला.

पॅक कोमट होता. पूर्ण भरलेला पॅक कोमट लागतो, फडक्यात ठेवलेल्या भाकरीसारखा. नाना दर वेळी पॅक काढला की गालाला लावून बघायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "काट्यावर जाऊ नको ज्योती, तळहातावर जा." कारण या सेलची खोडच अशी, की अर्धे भरलेले असोत की पूर्ण, मीटरचा काटा पाचावरच उभा.

दसऱ्याच्या सकाळी नाना पाहुण्यांत अडकले होते. "ज्योती, पॅक काढून बसव रे," एवढंच म्हणाले. पॅक ज्योतीरामनं काढला होता. आणि तो थंड होता. त्याच्या तळहाताला ते तेव्हाच कळलं होतं. क्षणभर हात थबकला होता. मग त्यानं मीटर लावला, काटा पाचावर, आणि वीस वर्षांच्या सवयीनं मनातल्या मनात हिरवी चिठ्ठी लावून पॅक विमानात बसवला होता. पाच-सहा दिवस तो ज्याला शोधत होता, तो निम्मा तरी त्याच्याच पँटीत उभा होता. पडवीतल्या उखळावर बसून तो लहान पोरासारखा रडला.

रडून झाल्यावर बल्ब लावला. इन्स्पेक्टरचा जीव, काम अर्धं टाकवत नाही. एक तास अडतीस मिनिटं. सेल अस्सल होते, जहीरचा हात स्वच्छ होता.

मग नवमीला भरलेला पॅक थंड का? सोळा तास लावलेला पॅक सोळा तास भरला गेला नव्हता. लाईट गेली म्हणावी, तर नवमीच्या रात्री देवीच्या देवळात जागर होता आणि माईक पहाटेपर्यंत एकदाही थांबला नव्हता. साऱ्या गावाची झोप उडाली होती. चार्जर बिघडला म्हणावा, तर तो आत्ताच सोळा तास चालला. नाना त्या रात्री देवळातच होते, आणि सकाळी ज्योतीरामनं पॅक काढला तेव्हा लाल दिवा चालूच होता. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तो काढला आणि पुन्हा लावला.

ज्योतीरामनं प्लग ओढून काढला आणि उन्हात धरला. पितळेच्या पिनांच्या बुडाशी काहीतरी लाल-पिवळं होतं. बारीक ओरखड्यासारखं, उभं घासत गेलेलं. त्यानं नखानं खरवडून वास घेतला. हळद होती, आणि कुंकू.

५

तो तडक काळेवाडीला गेला. दुकान निम्मं रिकामं झालं होतं.

"जहीर, या चार्जरचा प्लग कधी बदललास?"

"गणपती झाल्यावर. जुना जळाला होता."

म्हणजे कुंकू गेल्या वर्षीचं नव्हे. ते यंदाच्या खंडेनवमीचं होतं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं मांडून त्यांची पूजा करतात, आणि एकदा हळद-कुंकू वाहिलं की सकाळपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही, त्याला विसावा द्यायचा. महाळुंग्याला ज्योतीरामची आई त्या दिवशी विळीसुद्धा वापरू द्यायची नाही, भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. प्लग बोर्डात असताना पिना दिसत नाहीत. पिनांना कुंकू लागलं, कारण पूजेच्या वेळी प्लग बाहेर होता. ते उभं घासलं गेलं, कारण नंतर तो पुन्हा आत खुपसला. दिवेलागणीला सातला काढला असणार, पहाटे पाचला लावला असणार. दहा तास. सोळातले सहाच उरले.

आणि पहाटे पाचला त्या घरात उठतं कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्याला बघायला सांगणारीही तीच.

"तुला माहीत होतं," ज्योतीराम म्हणाला.

जहीर सोल्डरिंगच्या तारेला वळसे देत राहिला. साहेबरावांनी चार्जर आदळला तेव्हाच त्यानं पिना पाहिल्या होत्या. त्याच्याच हातचा प्लग, त्याला दिसणारच.

"भाऊ, त्या बाईनं मला ईदला ताट वाढलेलं आहे. माझ्या अम्मीला ती बहीण म्हणते. जिचं कुंकू गेलं, तिला मी हे कुंकू दाखवू? गाळा काय, दुसरीकडं मिळेल."

पाठीमागे खातूनबी पदरानं डोळे पुसत होती. ज्योतीराम उठला तो पायीच निघाला, बस सोडून दिली. खरं बोलावं तर तानाबाई उरलेलं आयुष्य कशी काढणार? गप्प बसावं तर हे पोर आईला घेऊन चोरासारखं गाव सोडणार, आणि त्याच्यामागून काळेवाडीतल्या त्याच्या जातभाईंनाही टोमणे बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. पाऊण वाट संपल्यावर त्याला वाटलं, आपल्याकडे एक खरं आहे की सांगण्यासारखं. ते आपलं स्वतःचं आहे.

६

तेराव्याला जेवणं झाल्यावर माणसं अंगणात बसली. जहीर गाळ्याची किल्ली द्यायला आला होता आणि फाटकाशीच उभा राहिला होता. साहेबराव उठायच्या आत ज्योतीराम उठला.

त्यानं सांगितलं, की सेलमध्ये खोट नव्हती, त्यानं बल्ब लावून मोजलंय, हवं तर कुणीही मोजावं. पॅक पुरता भरलेला नव्हता. तो बसवला त्यानं स्वतः. हाताला थंड लागला होता, तरी त्यानं काट्यावर विसंबून पास केला.

"नाना माझ्या हातानं गेले. जे बोलायचं ते मला बोला. जहीरला नको."

साहेबराव डोळे बारीक करून बघत होते. दुःखानं माणूस आंधळा होतो, पण साहेबराव मूर्ख नव्हते.

"पण पुरता भरला का नव्हता?"

"रात्री लाईट गेली असणार."

"कुठली लाईट?" साहेबराव म्हणाले. "जागराचा माईक मीच लावला होता. पहाटंपतुर एकदा सुदिक बंद पडला न्हाई. तुमी कुनाला तरी झाकताय, ज्योतीराव."

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. जहीरनं नजर खाली टाकली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलू नये, ते त्याला शोभतही नाही आणि पेलतही नाही.

"लाईट गेली न्हवती," दारातून आवाज आला.

तानाबाई उंबऱ्यावर उभी होती.

"मी पिन काढली. दिवेलागणीला समद्या हत्यारांस्नी हळद-कुंकू वाहिलं, तवा त्या चार्जरलाबी वाहिलं. वर्साचा सण, त्येला रातभर इसावा दिला. पाटं उठून परत लावलं. लाल दिवा लागला, मला वाटलं झालं."

ती भिंतीला धरून खाली बसली आणि ज्योतीरामकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"भावजी, सात वर्सं त्यानी गावाला समजावलं. जहीरला, मुरारीला, पोरासोरांस्नी. त्ये इमानाचं फळकूट रोज मी पुसत हुते. मला कुनीच कसं सांगितलं न्हाई, त्येला भराया एवढा येळ लागतो म्हून?"

ज्योतीराम पंधरा वर्षं त्या घरात चहा पीत होता. पडवीत बसून सेलच्या गप्पा मारताना चहाचा कप ठेवून आत जाणाऱ्या बाईला थांबवून सांगावं, असं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. नानांनाही नाही.

साहेबरावांनी डोक्यावरची टोपी काढली. ते फाटकाशी गेले. जहीरनं किल्ली पुढे केली. साहेबरावांनी त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली आणि तशीच धरून ठेवली. मग त्याला हाताला धरून ते आत घेऊन आले आणि पानावर बसवलं.

७

चार दिवसांनी तानाबाईनं ज्योतीरामला निरोप पाठवला. तो दुपारी आला, तर तिनं पॅक आणि चार्जर पुढे ठेवला. कसं लावायचं ते दाखवा म्हणाली. त्यानं सगळं दाखवलं. काळी तार कुठं, लाल कुठं. पॅक आधी बल्बवर उतरवायचा तो कशासाठी. चारला लावायचा आणि आठपर्यंत हात लावायचा नाही. बैलांचा दाखला ऐकून ती किंचित हसली. "हे त्येंचंच बोलनं," म्हणाली. बरोबर चारला तिनं स्वतः बटण दाबलं.

सकाळी आठला ज्योतीराम हजर होता. जहीरही आला होता, दुकान उघडायच्या आधी. तानाबाईनं बटण बंद केलं, प्लग काढला आणि पॅक हातात घेतला. थोडा वेळ तो तळहातावर तसाच धरला. मग नाना धरायचे तसा गालाला लावला. त्यांना ती सात वर्षं लांबून बघत आलेली होती, कशासाठी ते माहीत नसताना.

"एवढाच ऊन लागतो व्हय, भावजी?"

"व्हय, वहिनी. एवढाच."

तिनं डोळे मिटले. पॅक निवेपर्यंत तिनं तो गालावरून काढला नाही. जहीरनं खिशातली पेन्सिल काढली आणि चिठ्ठीवर नानांच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घालून लिहिलं, सोळा तास पूर्ण.